आत्याच्या डब्यातला कॉम्प्युटर

कुंदाने राजरत्नला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हा माणूस आहे हे कळायला तिला अर्धा कप चहा लागला. तिला बघायला बदलापूरला येताना तो वाटेत उल्हासनगरच्या भंगार बाजारात शिरला होता. दोन्ही खिशांतून वायरी लोंबत होत्या, काखेत उघडा सीपीयू, केसांत तीन पिढ्यांची धूळ. कुंदाच्या आत्याला वाटलं, वीज कंपनीचा माणूस. तिने सरळ मीटर दाखवला. त्याने तो मनापासून तपासला, फ्यूज बदलला आणि मग म्हणाला, "जयभीम. मुलगी कुठेय?"

तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं कुंदा गेली एकोणीस वर्षं म्हणते आहे.

अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या वन रूम किचनमध्ये दुकानातला कॉम्प्युटर कधी आलाच नाही. राजरत्नचा कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पट्टी, आणि तिच्यात जगभरच्या लोकांनी लिहून फुकट वाटलेलं लिनक्स. स्क्रीन एका बंद पडलेल्या हॉटेलातली. तिच्या कोपऱ्यात मेन्यूतलं 'दाल पकवान' कायमचं उमटलेलं. पट्टीला घर म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने निवडला कुंदाचा रव्याचा स्टीलचा डबा, 'कुंदास आत्याकडून सप्रेम भेट' असं कोरलेला. वायरींसाठी त्याला भोक पाडलं.

"अहो, आत्याच्या नावाला भोक?"

"नावाला नाही, नावाखाली. बघ, एक अक्षर गेलं नाही."

वायफायवरचं इंटरनेट मात्र लहरी. राजरत्न झाकण काढून बसायचा, काळ्या पडद्यावर तासभर काहीबाही टाइप करायचा आणि नेट सुरू व्हायचं. "बघ, नवा ड्रायव्हर टाकला!" म्हणून तो चहाला उठायचा. कुंदाला उघडा डबा बघवायचा नाही. मुंग्या, पाल, काय सांगावं! जाता जाता ती झाकण घट्ट लावायची. नेट गायब. मग राजरत्न मोबाईलवरून परदेशातल्या लिनक्सवाल्यांना लांबलचक तक्रारी लिहायचा. ते बिचारे उत्तरं द्यायचे. डब्याचं त्यांनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही.

यंदा लेकीच्या, मनालीच्या, पॉलिटेक्निकच्या फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत पाचपर्यंत. मोबाईलवरून दाखले चढत नव्हते.

"पप्पा, मी सायबरवाल्याकडे जाऊ?"

"घरात कॉम्प्युटर असताना? लोक हसतील!"

साडेचारला नेट सुरू करून राजरत्न चहाला उठला, कुंदाचा हात सवयीने झाकणावर गेला आणि नेट बंद पडलं. या वेळी झाकण काढायचीही राजरत्नला फुरसत नव्हती. तो नुसता कीबोर्ड बडवत सुटला. पावणेपाचला म्हणाला, "फक्त एक अपडेट."

मनाली रडायलाच लागली. कुंदाचं डोकं फिरलं.

"खड्ड्यात गेलं तुमचं अपडेट! माझा डबा द्या आधी!" तिने झाकण उपटलं आणि पट्टी वायरींसकट वर उचलली.

"मम्मी, नेट आलं! थांब, हलू नकोस, अशीच उभी राहा!"

कुंदा पट्टी गरम पापडासारखी चिमटीत धरून उभी. राजरत्नने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा झाकणाकडे.

"स्टील," तो पुटपुटला. "सिग्नल अडवतं."

"आता कळलं? दोन वर्षांनी?"

"एकदा झाकण लावून बघू का?"

"हात लावून तर बघा!"

पाचला चार मिनिटं असताना फॉर्म गेला. मनालीला सिव्हिलला प्रवेश मिळाला. कॉम्प्युटर आता चपलेच्या खोक्यात असतो. डब्यात रवा भरता येत नाही, भोकातून गळतो.