हयात, वय एक्केचाळीस

माझा भाऊ तारखांच्या बाबतीत महाहट्टी. निवृत्त झाल्यावर वर्तकनगरच्या घरात बसून त्याने कॉम्प्युटरवर घराण्याची वंशावळ भरायला घेतली आणि समस्त नातेवाइकांचा जीव नकोसा केला. आमचे अर्धे पूर्वज एक जूनला जन्मलेले, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकून दिलेली. भाऊला ते खपायचं नाही. मृत्यूचं त्याच्या उलट. वर्ष कुणाला आठवायचं नाही, पण श्राद्धामुळे तिथी तोंडपाठ. आता त्या सॉफ्टवेअरला कसली तिथी कळतेय! मग हा जुनी पंचांगं उघडून दिवस-महिना जुळवत बसायचा. मी डोंबिवलीहून एवढी मर मर करून यावं, तर चहासुद्धा मीच करायचा.

मृत्यूचा रकाना रिकामा राहिला की ते सॉफ्टवेअर नावापुढे आपोआप ‘हयात’ लिहायचं आणि वयही दाखवायचं. एकदा पणजोबांची बहीण रखमाबाई निघाली, हयात, वय एकशे त्रेचाळीस. मी हसून हसून बेजार झाले. भाऊने मुकाट्याने ‘अंदाजे १९२०’ घातलं आणि बाईंना मोकळं केलं.

अनिमेषचा रकाना मात्र त्याने रिकामाच ठेवला. अनिमेष म्हणजे भाऊ आणि उत्तरावहिनीचा एकुलता एक मुलगा. नोकरी सुटली आणि एका दुपारी ‘आलोच’ म्हणून खाली उतरला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, ज्योतिषी झाले. कॉम्प्युटर होता त्याच्याच खोलीत, म्हणून उत्तरावहिनी तिकडे फिरकायची नाही. बारा वर्षं उलटल्यावर गुरुजींनी सांगितलं की आता विधी करता येतो, नाहीतर निदान सर्वपित्रीला पान वाढा, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं त्या दिवशी करतात. वहिनी भाऊच्या अक्षरशः विनवण्या करायची. पोर तिकडे उपाशी तळमळत असेल, म्हणायची.

“पुराव्याशिवाय मी तारीख घालत नाही,” भाऊ म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “रखमाबाईचा कुठला पुरावा होता रे तुझ्याकडे?”

त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. पण दर वर्षी अनिमेषच्या वाढदिवसाला सकाळी उठून तो कॉम्प्युटर लावायचा, वयाचा आकडा एकाने वाढलेला बघायचा आणि वहिनीला शिरा करायला सांगायचा. ती करायची, पण स्वतः खायची नाही. मला दोघांचीही दया यायची आणि रागही यायचा.

यंदा माघात भाऊ गेला. झोपेतच. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि वहिनी आपणहून त्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला टेकून म्हणाली, ह्यांची तारीख घाल. मी घातली. भाऊच्या नावापुढचं ‘हयात’ पुसलं गेलं. मला रडू आवरेना.

त्याच्या खालीच अनिमेष होता. हयात, वय एक्केचाळीस. इतकी वर्षं तिला हेच तर हवं होतं. आता अडवणारंही कुणी नव्हतं. मी डोळे पुसून विचारलं, “वहिनी, अनिमेषचं अंदाजे घालू? म्हणजे सर्वपित्रीला त्याचं पान वाढता येईल.”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात धरून बाजूला केला.

“नको गं,” ती म्हणाली. “मग या घरात हयात मी एकटीच उरते.”