सुटलेला हात

संकेश्वरपासून कोसभर आत, नदीकाठच्या एका गावात माझे यजमान मराठी शाळेवर मास्तर होते. मी बेळगावात वाढलेली, वकिलाकडच्या कारकुनाची मुलगी. हे खानापूरकडच्या शेतकरी घरातले, नदीत डुंबत मोठे झालेले. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

त्या वर्षी आषाढात नदी फुगली. पूल नव्हताच. पाणी उथळ असेल त्या उतारावरून गाड्या पलीकडे जायच्या. गावातल्याच एका गाडीवानानं माहेरी निघालेल्या एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला गाडीत घेतलं आणि बैल पाण्यात घातले. मध्यावर गाडी कलंडली. शाळा सुटून हे काठानं घरी येत होते. अंगातला कोट तसाच ठेवून यांनी उडी घेतली. बाई आणि मुलगी वाचली, एक बैल आपणहून काठाला लागला. गाडीवान गेला. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला बाभळीच्या झुडपात तो सापडला.

गावानं चावडीपुढं यांना फेटा बांधला, नारळ दिला. "वीर हाय आमचा मास्तर," पाटील म्हणाले. बायका माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. पाण्याला जाताना मी मान जरा वर करून चालत होते.

यांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. ताटावर बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर, नुसत्या येरझाऱ्या. मी तांदूळ निवडत होते तेव्हा एकदम समोर येऊन बसले.

"अगं, त्याचा हात माझ्या हातात होता."

"कुणाचा?"

"गाडीवानाचा. मुलगी माझ्या काखेत, बाई पाठीला लटकलेली. दुसऱ्या हातात त्याचा हात. आम्ही सगळेच खाली चाललो होतो. मग तो हात सुटला."

"पाण्याच्या ओढीनं सुटला असेल."

यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "मीही मनाला तसंच सांगत होतो. न्हाय. मी सोडला."

"नाहीतर तुम्ही चौघंही गेला असता."

"ते खरंच आहे. तरी सोडला मीच."

पुढं संकेश्वरात मोठा सत्कार ठरला. बाजारपेठेतले व्यापारी, शाळांचे मास्तर, निपाणीहून तंबाखूचे एक-दोन सावकारही आले होते. मी बायकांच्या बाजूला बसले होते. हे बोलायला उभे राहिले आणि कसलंही प्रास्ताविक न करता सगळं सांगून टाकलं. कुणाचा हात, कुणी सोडला, सगळं. "मला वीर म्हणू नका," असं म्हणून खाली बसले.

मग अध्यक्षांच्या जागेवरचे वृद्ध वकील उठले. त्यांचे डोळे भरले होते. "पाण्यात उडी घालणारे पुष्कळ असतात," ते म्हणाले, "पण भर सभेत असं सांगणारा हा खरा वीर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. यांच्या गळ्यात आणखी एक हार पडला.

परतताना हे इतके भराभर चालत होते की मला मागून धावावं लागलं. वाटेत हार काढून कुंपणावर टाकला. "लोकांना ऐकूच गेलं नाही," एवढंच म्हणाले.

चार-सहा दिवसांनी गाडीवानाची बायको आमच्याकडं आली. उंच, हाडकुळी बाई. आत ये म्हटलं तरी आली नाही, ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"मास्तर, सगळ्या बाजाराला सांगितलंसा. मला कवा सांगणार व्हतासा?"

हे उठून उभे राहिले.

"पाण्यानं न्हेलं म्हणून मी रडत व्हते," ती म्हणाली. "पाण्यावर राग धरून काय करायचं? आता भाकरी थापायला बसले की तुमचा हात दिसतोय मला. आन् लोक माझ्याच दारात येऊन सांगत्यात, मास्तर किती मोठ्या मनाचा!"

हे पुढं होऊन तिच्या पायाशी वाकले. ती झटक्यानं मागं सरली.

"पाया पडू नगासा. त्येनंबी तुमचंच नाव हुतंय."

"मग मी काय करू, आक्का?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्या पोरीला सोडून त्येला धरायचं व्हतं, आसं मी म्हणीन व्हय? न्हाय म्हणायची. तुमच्याच्यानं जेवढं झालं तेवढं केलंसा. पर वीर-बिर काय न्हाईसा तुमी. आता गप ऱ्हावा."

ती गेली. मला तिचा इतका राग आला की मी भांडी आदळत घासली. माझ्या नवऱ्यानं दोन जीव वाचवले आणि ही दारात येऊन त्याला बोलून जाते! यांनी मात्र त्या दिवशी पोटभर जेवण केलं. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

त्यानंतर यांनी त्या प्रसंगाबद्दल एक अक्षर काढलं नाही. कुणी विषय काढला तर उठून जायचे. ती बाई भावाकडून दुसरा बैल घेऊन आली आणि मोडलेली गाडी सुताराकडून नीट करून स्वतः हाकायला लागली. निपाणीपर्यंत तंबाखूची बोदं, गच्च भरलेली मोठाली पोती, न्यायची. गावात कुजबूज झाली, बाईमाणसानं कासरा धरायचा म्हणजे काय! तिला कुणी फेटा बांधला नाही.

आणि आषाढ आला की शाळा सुटल्यावर हे उतारावर जाऊन उभे राहायला लागले. पाणी वाढलेलं दिसलं की गाड्या अडवायचे. ज्यांचा माल अडकायचा ते शिव्या घालायचे.

"वीर म्हणं! पाण्याला भितोय मास्तर!" एक जण माझ्यादेखत ओरडला.

"व्हय, भितो," हे म्हणाले. "गाडी मागं घ्या."

एकदा तीच बाई भरलेली गाडी घेऊन आली. मी यांची छत्री द्यायला तिथं गेले होते. हे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता ही काय बोलणार! तिनं आधी यांच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं. किती तरी वेळ पाण्याकडंच बघत राहिली. मग कासरा ओढला आणि बैल वळवले. मला वाटलं होतं आता तरी यांचा जीव थाऱ्यावर येईल. आला नाही. घरी येऊन पुन्हा त्याच येरझाऱ्या.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी शाळेपुढं झेंडा लावला. पाटील आता म्हातारे झाले होते, पण आवाज तसाच खणखणीत. "आमच्या गावचे वीर मास्तर दोन शब्द बोलतील," त्यांनी पुकारलं. यांची खुर्ची रिकामी होती. पलीकडच्या वाडीची मुलं झेंडा बघायला आली होती आणि वरच्या अंगाला सकाळपासून पाऊस लागला होता. पाणी चढायच्या आत त्यांना पलीकडं सोडायला हे कधीच उतारावर गेले होते. पाटलांनी माझ्याकडं बघितलं. लोक पेढे वाटत होते, गाणी म्हणत होते. माझे कान नदीकडं लागले होते.