तिसरी रिंग

शिंदेकाकूंनी फोन उचलला नाही.

फोन स्क्रीनवरचा होता. दोनदा वाजला आणि थांबला. काकू "पोचला" असं पुटपुटल्या आणि गेममधलं उरलेलं वाटण वाटायला लागल्या. मी त्यांच्या मागे उभी राहून घड्याळ बघत होते. चार वाजून गेले होते, सहाला बिल्ड पाठवायचा होता. बिल्ड म्हणजे खेळता येईल असा तयार गेम.

आमचा स्टुडिओ अंधेरीला एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आहे. माणसं चार. आम्ही मारामारीचे गेम करत नाही, खेळणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होईल असले करतो. मी क्यूए, म्हणजे चुका शोधणारी. तोच गेम रोज खेळायचा आणि कुठे अडकतो ते बघायचं. मी दिवसभर खेळते आणि त्याचा पगार घेते, यावर माझ्या आईचा अजून विश्वास नाही.

या गेममध्ये खेळणाऱ्याने एक आई व्हायचं. माहुलच्या खोलीत राहणारी, बटणांच्या मोबाइलच्या काळातली. तिचा मुलगा टँकर घेऊन घाटापलीकडे गेलाय. घरकाम करत त्याची वाट बघायची. मग फोन वाजतो. उचलला की अपघाताची बातमी कळते आणि गोष्ट पुढे जाते. गेमला पैसे देणाऱ्या आमच्या परदेशी पब्लिशरची अट साधी होती. बाहेरच्या तीन माणसांना गेम खेळू द्या आणि त्यांच्या चेहऱ्यांचं रेकॉर्डिंग पाठवा. फोनच्या सीनला चेहरे बदलले नाहीत तर प्रोजेक्ट बंद. आमच्याकडे दुसरा प्रोजेक्ट नव्हता.

खालच्या वर्कशॉपमधल्या दोघांनी सकाळी फोन उचलला नव्हता. काकू तिसऱ्या. नाहूरला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतात, मी गळ घालून त्यांना आणलं होतं.

निनाद, आमचा बॉस, मला बाजूला घेऊन गेला.

"तू टेस्ट केलंस ना हे?"

"रोज केलंय."

"मग तिघंही अडकतात कसे? वाट लागली यार आपली."

मी साउंडची सेटिंग उघडली. रिंगच्या फाइलमध्ये दोनच रिंगा होत्या. ती पुन्हा पुन्हा वाजावी म्हणून 'लूप'वर टिक करावी लागते. ती टिक केलेलीच नव्हती. दोन रिंगा झाल्या की फोन गप्प, मग उचलायला काही उरतच नाही. मला हे कधी दिसलं नाही, कारण फोन उचलायचा हे मला माहीत होतं. पहिल्याच रिंगला उचलत होते. चौघांच्या नोकऱ्या आणि चूक माझी.

टिक करायला एक सेकंद लागला. पण रिंगला कुणी दचकतच नाहीये, म्हणून निनादला आता रिंगच्या मागे म्युझिकमध्ये ढोलही हवे होते. मी काकूंकडे गेले आणि फोन का उचलला नाही ते विचारलं.

"अगं, मिस्कॉल होता ना तो," काकू म्हणाल्या. "दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचला. आमचे हे पण तसंच करायचे. उचलला तर बॅलन्स जातो."

सकाळी खालचे दोघेही दोन रिंगा ऐकून निवांत पुढे खेळत राहिले होते, ते का हे आता कळलं. आम्ही ज्या जागी लोकांना घाबरवायला निघालो होतो, तिथे तिघंही निर्धास्त झाले होते. मी निनादला सांगितलं, ढोल घालू नकोस, आहे ते म्युझिकही काढ, रिंगा मोजता येऊ देत. तो नको म्हणाला. पाच वाजले. शेवटी त्याने चिडूनच म्युझिक काढलं. खालच्या दोघांना निरोप धाडला आणि काकूंना परत बसवलं. त्या कुरकुरत बसल्या.

पुन्हा वाटण. फोन वाजला. काकू वाटत राहिल्या. दुसरी रिंग. "पोचला," त्या म्हणाल्या.

तिसरी वाजली.

काकूंचा हात थांबला. चौथी. त्यांनी माउस सोडला आणि हात गळ्याशी नेला. फोन वाजतच होता. त्या माझ्याकडे वळल्या.

"मी नाही उचलत," काकू म्हणाल्या. "तूच उचल."

त्या फोनमधलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. तरी माझा हात पुढे जाईना. निनादनेही माउसला हात लावला नाही. नऊ का दहा रिंगांनंतर काकूंनीच डोळे मिटून क्लिक केलं.

खालचे दोघेही असेच थांबले. सहाला पाच कमी असताना रेकॉर्डिंगसकट बिल्ड गेला. त्या आठवड्यात पब्लिशरचा होकार आला. सोबत सुधारणांच्या यादीत एकच मुद्दा होता: खेळणारे फोन उचलायला फार वेळ लावतात, हे दुरुस्त करा.

निनादने ते दुरुस्त केलं नाही. मी माझ्या टेस्टिंगच्या यादीत एक ओळ तेवढी वाढवली: फोन वाजला की लगेच उचलू नये.