न्हाणीघराच्या झरोक्यावरची फळी

झरोक्यावर ठोकलेली ती फळी आजही माझ्या नजरेसमोरून हलत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. रसायनशास्त्राची पदवी घेऊन फौजदार झालेली मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पंचवटीतला हा तपास स्वतंत्रपणे माझ्याकडे आलेला पहिलाच. तो गाजावा अशी माझी इच्छा होती, हे आधीच कबूल करते.

ऐन थंडीतल्या एका सकाळी तिथल्या एका घरातली सून अंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. नवऱ्याने दार तोडले तेव्हा ती मृत होती. अंगावर जखम नव्हती, कडी आतून होती. लग्नाला दीडच वर्ष झालेले; सात वर्षांच्या आतला विवाहितेचा मृत्यू म्हणून इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाची कायदेशीर पाहणी, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर झाली. चांदवडहून आलेले तिचे वडील ठाण्याच्या बाकावर बसून एकच वाक्य बोलत होते: "बाई, माझी लेक मारली त्यांनी."

दुपारी शेजारीण ठाण्यात आली. आधी तिने चहा नाकारला, मग घेतला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. चार दिवसांपूर्वी सासूनं न्हाणीघराचा झरोका बाहेरून फळी ठोकून बंद केला. हातोडीचा आवाज मी ऐकलाय."

फळी होती. तिच्या फटींत गोणपाटही कोंबलेले होते. आत गॅसवरचा गिझर होता. गळतीचा वास कुठेच नव्हता. तोडलेल्या दाराशी उभी राहून मी गिझर पेटवून पाहिला, पाणी गरम आले. 'ज्योत पिवळी, गिझर चालू स्थितीत' असे मी पंचनाम्यात लिहिले, फोटो काढून घेतले आणि ठिकाण घरच्यांना वापरायला मोकळे केले. माझ्या दृष्टीने तिथले काम संपले होते. माझे लक्ष माणसावर होते.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबाबत मत राखून ठेवले आणि रक्त व व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीसाठी पाठवले. फोनवर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मुलगी दोन महिन्यांची गरोदर होती. आणि तिचा चेहरा, नखे झोपलेल्या निरोगी माणसासारखी गुलाबी होती. पहिली गोष्ट मी वहीत अधोरेखित केली. दुसरी नुसती लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेत अमरधाम स्मशानभूमीत नेले. पुरुष बाहेर पडताच मी एका महिला शिपायासह त्यांच्याच घरी सासूचा जबाब घ्यायला बसले. ती मूळची नांदगावकडची. उत्तरे एका शब्दात देई आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत राही. मला तो अपराधाचा पुरावा वाटत होता. झरोका का बंद केला, हे मी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ती बोलली.

"पोरीला दिवस गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं अजून. तिथून लय गार वारं यायचं, अंघोळ करताना कुडकुडायची. म्हणून फळी ठोकली." मग ती पुढे म्हणाली, "नंतर म्हणायला लागली, आत गेलं की चक्कर येती, डोकं दुखतं. मी म्हटलं, या दिवसांत व्हतंच."

माझी पेन्सिल थांबली. आत गेले की. आत गेले की.

पिवळी ज्योत, बंद झरोका, गुलाबी नखे. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, त्याला वास नसतो, तो रक्त लालभडक ठेवून माणूस मारतो. परीक्षेत मी यावर दोन पाने लिहिली असती.

त्याच क्षणी मला मागच्या बाजूने पाण्याचा आवाज आला. मी विचारले, आत कोण आहे?

"माझी लेक," सासू म्हणाली. "मयत उचलल्यावर अंघोळ नको का करायला?"

मी धावले. पॅसेजमध्ये तीन बायका हातावर कोरडे कपडे घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. कडी तुटलेली असल्याने दाराला आतून भरलेली बादली लावली होती. हाक मारली, उत्तर नाही. आम्ही दोघींनी दार ढकलले. मृत मुलीची नणंद भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट उघडे. शिपाईबाईंनी गिझर बंद केला, मी तिला काखेत धरून ओढत अंगणात आणले. बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. मग उलटी झाली. इतका दिलासा मला पुढे कुठल्या पदोन्नतीने दिला नाही. रुग्णालयात तिला ऑक्सिजन लावला, ती वाचली.

पुढे तंत्रज्ञाने बर्नर उघडून दाखवला. तो काजळीने चोंदला होता. रासायनिक तपासणीच्या अहवालानेही कार्बन मोनॉक्साइडच सांगितला. प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद झाले. वडील सही करून चांदवडला परतले.

मी निष्कर्ष सांगायला गेले तेव्हा सासूने विचारले, "म्हणजे मीच मारली का तिला, बाई?" मी नाही म्हटले. तिने विश्वास ठेवला नाही.

आजही कोणाच्या घरी गेले की मी गिझरची ज्योत निळी आहे का आणि झरोका उघडा आहे का, ते आधी पाहते. लोक हसतात. आत गेल्यावर डोके जड होत असेल, तर गिझर बंद करून आधी बाहेर या, कारण नंतर शोधा, एवढेच मी सांगते.

वरिष्ठांनी ठिकाण कोणी मोकळे केले असे विचारले होते. केस डायरीत माझेच अक्षर होते. सासूने फळी मायेने ठोकली होती. मी पंचनामा घाईने आटोपला होता. त्या दुपारी दुसरा जीव गेला असता, तर तो माझ्या सहीने गेला असता.