बेगिमायला मामा सापडला

आमच्या शेजारची बेगिमाय सोळा वर्षांची, पण जिभेला हाड नाही. मला, बुरमाकानला, तोंडावर म्हणते, "काकू, तू नुसती बडबडतेस." कार्टी!

या वसंतात नदीकाठी खोदाईचं मशीन आलं. रस्त्याला खडी हवी म्हणे. दहा दिवसांत नारिंगी बोरांची काटेरी झाडी गेली, नदी गढूळ झाली, मासे मरून वर आले. बेगिमाय रोज बघायची आणि रडायची. मीही रडले, खोटं कशाला बोलू? आता मशीन झऱ्यापाशी पोचलं होतं. सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी पितं. अर्ज करून करून गावकरी दमले.

त्या दुपारी पोरगी रोटी आणि कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा घेऊन मशीनकडे निघाली. ही दगड मारते की काय, म्हणून मीही मागोमाग गेले.

ड्रायव्हर एरमेक भला माणूस. खाली उतरला, बसून रोटी मोडली.

"दादा, सात पिढ्यांची नावं येतात का म्हणता?" बेगिमायनं विचारलं.

"न यायला मी काय उकिरड्यावर सापडलो?" त्यानं बापापासून सात नावं धडाधड म्हटली. "कूळ बुगू!"

"अय्या, माझी आई बुगूंचीच! म्हणजे तुम्ही माझे मामा!"

आमच्यात आईच्या कुळातला कुणीही मामाच, आणि भाचरांनी मागितलेलं मामाला नाकारता येत नाही. म्हणून तर म्हणतात, भाचरं येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. पण गडी हरखला. "माग, काय हवं ते! रुमाल? बूट?"

"मशीनची किल्ली."

त्यानं वाडगा खाली ठेवला. "अगं, नोकरी जाईल माझी!"

"आणि आमचं पाणी?" तिनं झऱ्याकडे बोट दाखवलं.

त्यानं झऱ्याकडे बघितलं. मग त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

संध्याकाळी मुकादम आला, तेव्हा आम्ही तिथंच होतो. "किल्ली कुणाला दिलीस, मूर्खा?"

"भाचीला."

मुकादमानं खिशातून दुसरी किल्ली काढली. "ही घे. चालव."

एरमेकनं हात मागे घेतले. "दुसरा माणूस आणा, साहेब. पण इथल्या सुना चहूकडच्या कुळांतून आल्या आहेत. तोही कुणाचा तरी मामा निघेल."

मुकादम हसला आणि सहज माझ्याकडे वळला. "बाई, तुमचं माहेर कुठल्या कुळातलं?"

मी सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. त्याचंही तेच कूळ होतं!

"चार मुलगे आहेत मला," मी म्हटलं. "चौघेही घरीच आहेत. बोलावू का?"