आक्काच्या मेणबत्तीचा भाव

माझा पहिला दात आपणहून पडला नाही, तो आक्काने पाडला. मी पाच वर्षांचा, ती आठची. शाळेच्या वाटेवर आम्ही लिमलेटच्या गोळ्या वाटून घेत होतो. तिने मोजल्या, माझ्या मुठीत एक जास्त निघाली, आणि पुढचा शब्द बोलायच्या आत मी मातीत, दात माझ्या शेजारी. मग तिने पुन्हा मोजल्या. मोजण्यात चूक तिचीच होती. तेव्हा तिने तो दात नळाखाली धुतला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. आक्का माफी मागते ती अशी.

आज ती सत्तरीच्या पुढे आहे आणि मी तिच्यामागे धापा टाकत येतोय, पण तिची गोष्ट सांगायची म्हटलं की माझी जीभ आपोआप त्या जागेवर जाते.

गल्लीत तिला घणाबाई म्हणतात. हे नाव पडलं वाण्याच्या दुकानात. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. वाणी डाळ जोखत होता, आणि हिला पारडं जरा जड बसल्यासारखं वाटलं. तिने ते उलटं केलं. खाली मेणाचा गोळा चिकटवलेला! म्हणजे दर गिऱ्हाइकामागे तेवढी डाळ वाण्याच्या घरात. वाणी हसून म्हणाला, "अहो ताई, ते कुठूनतरी लागलं असेल."

"कुठून लागलं ते सांगते," आक्का म्हणाली, आणि दोन किलोचं माप उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्याच्या पलीकडून ऐकला. अजून ऐकतो. कोर्टाने दंड ठोठावला, दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, निमूटपणे भरला, आणि गल्लीतल्या एकूण एक दुकानदाराने त्या संध्याकाळी आपापली पारडी घासून काढली. मेणाशी आक्काची पहिली ओळख ही. दुसरी ओळख व्हायला पुढे पस्तीस वर्षं लागली.

मधली वर्षं तिने एका मोठ्या धुलाई कारखान्यात इस्त्रीवर काढली. तिथली जुनी लोखंडी इस्त्री माणसाच्या डोक्याएवढी. तिच्या मनगटाकडे पाहून पैलवान रस्ता बदलायचे. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने शेवटचा पगार द्यायला टाळाटाळ केली. ती पगार घेऊन आली, वर इस्त्रीही घेऊन आली. मालक काही दिवस मान एका बाजूला ठेवून हिंडत होता. विचारलं तर म्हणायचा, झोपेत अवघडली.

मग घरात बसून तिचे हात शिवशिवायला लागले. दाजी तोवर गेले होते, मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. राहिली सून. लहान चणीची, हळू बोलणारी, पण आक्कासमोर पापणी न लववणारी. त्या घरात असं माणूस दुसरं झालं नाही. एकदा सुनेच्या मैत्रिणीने तिला काचेच्या पेल्यातली सुगंधी मेणबत्ती भेट दिली. पेल्याच्या बुडाला किमतीची चिठ्ठी तशीच राहिलेली. आक्काने ती वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एवढे पैसे? ह्यात आहे काय? सोनं पुरलंय?"

तिने सुरी घेतली आणि ती मेणबत्ती ओट्यावर मासा चिरावा तशी चिरली. मेण वेगळं, वात वेगळी, वास हाताला. सून बघत उभी. "आई, ती भेट होती."

"भेट नाही, दरोडा होता. ह्याच्या निम्म्यात करून दाखवते."

आणि करायला लागली की! पहिल्या महिन्यात स्वयंपाकघर म्हणजे रणांगण. मेण जास्त तापलं की वास उडून जायचा, कमी तापलं की वर खड्डा पडायचा. खड्डा पडलेली प्रत्येक मेणबत्ती आक्का भिंतीवर फेकून मारायची. सून खालून तुकडे वेचायची आणि पुन्हा वितळवायची. हळूहळू हात बसला. पेल्यातल्या मेणबत्त्या आणि कपाटात कपड्यांत ठेवायच्या सुगंधी वड्या, असा माल तयार व्हायला लागला, आणि वास असा की जिन्यात पाऊल टाकलं की माणूस थांबायचं.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. सुनेने खडू घेऊन ओट्यामागच्या फरशीवर एका पेल्याचा हिशेब मांडला. मेण सोळा, सुगंधी तेल नऊ, काच आठ, डबा आणि चिठ्ठी तीन, वात दोन, गॅस एक, आणि बिघडलेल्या मालाचा एक. बेरीज चाळीस. त्याखाली तिने लिहिलं, "हात", आणि पुढे पंधरा.

"हा कुणाचा हात?" आक्काने विचारलं.

"आपला. तुमचा आणि माझा."

"माझ्या हाताचे पैसे लोकांकडून घेऊ? मी काय हात भाड्याने दिलाय?"

"आई, कारखान्यात हाताचेच घेत होता ना?"

आक्काने डाव फेकला. माझ्या कानाजवळून गेला आणि कपाटाच्या दाराला पोचा पाडून खाली पडला. सुनेने तो उचलला, धुतला, जागेवर टांगला. पण पंधराचा आकडा मात्र पुसला गेला. चाळीसवर दहा नफा, पन्नासला मेणबत्ती. दारावर पन्नास, दुकानाला पन्नास, पाहुण्याला पन्नास, शत्रूला पन्नास. "भाव एकच असतो," आक्का म्हणाली. "दोन भाव म्हणजे पारड्याखालचं मेणच, आणि ते लावणाऱ्याचं हाड मोडलंय मी."

बाजारपेठेत एक दुकान होतं, भेटवस्तूंचं. त्याच्या मालकाला सगळे मखमल म्हणायचे, कारण तो इतकं मऊ बोलायचा की उधारी मागायला आलेला माणूस आणखी उधार देऊन जायचा. त्याने शंभर मेणबत्त्या घेतल्या, पन्नासने. मग आणखी शंभर. आणि काचेच्या कपाटात मांडल्या, शंभराला एक.

आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गिऱ्हाईक दुकानात वास घ्यायचं, आणि माल घ्यायला आक्काच्या दारात यायचं.

मखमल आला, चपला बाहेर काढून आला. "ताई, तुमचा हात म्हणजे काय सांगू. पण दारावर तुम्ही पन्नासला देता, मग माझ्याकडे कोण येणार? घाऊक भाव दुकानदाराचा असतो. दारावर शंभर लावा, एवढंच म्हणतो."

"चाळीसच्या मालाचे शंभर?"

"माझं भाडं आहे, ताई."

"भाडं तुझं, आणि भरायचं गिऱ्हाइकाने? चल, नीघ."

तो निघत नव्हता, समजावत होता. तेव्हा एक पेला त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर, दाराच्या चौकटीवर फुटला. मखमल काचा झटकत उतरला. जिन्यात मला भेटला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ नव्हता. "सांगा तुमच्या बहिणीला. माझे शंभर नग धूळ खात पडलेत. मी बुडालो तर एकटा नाही बुडणार."

चार दिवसांनी, भर सकाळी, तो दोन हमाल घेऊन आला.

मी जिन्याच्या तोंडाशी होतो. वर गेलो तोवर साच्यांची फळी खाली आली होती. एक हमाल पेल्यांच्या खोक्यावर पाय देत होता, दुसरा मांडणीच उपटत होता, आणि मखमल दारात उभा राहून ओरडत होता, "फोडा! सगळं फोडा!" काचा पायाखाली कराकरा वाजत होत्या. सून शेगडीपाशी वितळलेलं मेण सांभाळत होती. मांडणी कलली, तिच्या पाठीवर आली, ती शेगडीवर पडली. किटली हिंदकळली आणि तिच्या उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, उकळतं मेण आलं.

ती किंचाळली. त्या घरात मी तिचा मोठा आवाज ऐकला तो एवढाच.

नंतर काय झालं ते मी नीट सांगू शकतो, कारण मी कोपऱ्यात पिंपाआड बसून सगळं पाहिलं. आक्काने कारखान्यातली इस्त्री उचलली. पहिल्या हमालाच्या गुडघ्यावर एक. तो बसला तो बसलाच. दुसऱ्याला पळता भुई थोडी झाली, जिन्यावरून तो पायऱ्या न मोजता उतरला. मखमल वळला, पण काचांवरून घसरला. आक्काने त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं आणि कपाळाने त्याचं नाक फोडलं. रक्त तिच्या कपाळावर, त्याच्या शर्टावर, फरशीवरच्या हिशेबावर. तो पाठीवर पडला. तिने त्याच्या छातीवर पाय दिला आणि उरलेल्या मेणाची किटली शेगडीवरून उचलली. वाफ निघत होती.

"माझ्या सुनेचा हात," ती म्हणाली. एवढंच. किटली कलायला लागली.

"आक्का!" मी ओरडलो. मी असलो काय, नसलो काय, सारखंच.

सून नळाखाली हात धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. ती म्हणाली, "आई, ओतू नका. बारा पेल्यांचं मेण आहे त्यात. आता साचेही नाहीत, मेणही घालवायचं?"

दया करा म्हटलं असतं तर मखमलचा चेहरा गेला असता. सासू कुणाला कळली असेल तर ह्या पोरीला. आक्काचा हात थांबला. किटलीत बघितलं, मखमलकडे बघितलं, जणू कोण जास्त किमतीचं ते ठरवत होती. मग किटली खाली ठेवली.

"माझं ऐका तरी," मखमल रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला. "शंभरमधले मला किती राहतात, एकदा विचारा तरी!"

"सांग. खोटं बोललास तर किटली इथेच आहे."

छातीवर पाय असताना त्याने सांगितलं. पन्नास माल. वीस भाडं. दहा कामावरच्या मुलीचे. पाच विजेचे. सात फुटलेल्या, चोरीला गेलेल्या, न विकलेल्या मालाचे. आक्काने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"आठ?"

"आठ."

"आठासाठी माणसं घेऊन आलास?"

"त्यांची मजुरी वेगळी," मखमल म्हणाला आणि रडायला लागला.

आक्काने पाय काढला. पोलिसांकडे कुणी गेलं नाही. त्याचं नाक आयुष्यभर वाकडं राहिलं, आणि सुनेच्या हातावर कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत कातडी आली. दोन महिने तिला चमचा धरता येत नव्हता. तिच्या जागी ओतायला वरच्या मजल्यावरची बाई ठेवली. तिने नगामागे पंधरा मागितले. आक्का आ वासून बघत राहिली. पंधरा! फरशीवरून पुसलेला आकडा. हातालासुद्धा भाव असतो, हे सुनेचा हात भाजला तेव्हा तिला कळलं.

पण एक दिवस ती मखमलच्या दुकानात जाऊन बसलीच, डोळ्यांनी खात्री करायला. भाडेकरार पाहिला, मुलीला पगार विचारला, आणि जाता जाता खिशात अत्तराची बाटली टाकणाऱ्या एका सभ्य गृहस्थाला अशी चपराक दिली की त्याची टोपी शेजारच्या दुकानात सापडली. मखमल नाकाला पट्टी लावून हात जोडून उभा.

नवा भाव ठरला. चाळीस खर्च, पंधरा हात, दहा नफा. दुकानाला पासष्ट. मखमल ती पूर्वीसारखीच दुपटीने, एकशेतीसला विकणार, आणि दारावरही तेवढेच, एकशेतीस. फरशीवर खडूने आक्काने स्वतः लिहिलं. खडू दोनदा मोडला.

पहिलं गिऱ्हाईक मी. मुद्दाम गेलो.

"भावाला किती?"

"एकशेतीस."

"अगं, आपण एका आईची..."

तिने नुसता हात उचलला. मी पैसे मोजले. तिने ते घेतले, पण मुठीत धरून तशीच उभी राहिली. मग वळली, सुगंधी तेल जोखायचा काटा माझ्यासमोर आणून ठेवला आणि त्याचं पारडं उलटं केलं.

"बोट फिरव."

"आक्का, मेणबत्ती काय वजनावर विकतेस?"

"फिरव म्हणते ना!"

मी फिरवलं. स्वच्छ होतं. तेव्हा कुठे तिने पैसे डब्यात टाकले आणि मेणबत्ती माझ्या हातात दिली.

आजही तिच्या दारावर जो जाईल त्याला आधी त्या पारड्याखाली बोट फिरवावं लागतं. नवे लोक हसतात. जुने आल्या आल्या फिरवतात, कारण एकदा एक माणूस हसून तसाच पैसे द्यायला लागला होता. तो माणूस आता डाव्या बाजूने चावतो.