मोजायची राहिलेली वाडी

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही कधी बोललो नाही.

मार्गासनीच्या पुढे एका गावात मी मास्तर होतो. जनगणनेचं काम आलं तेव्हा भाताच्या रोपांसाठी शेतांत पालापाचोळा जाळून राब भाजायला सुरुवात झाली होती आणि सगळं खोरं निळसर धुरात तरंगत होतं. गावातली घरं झाली. टेकाडावरची कातकरी वाडी तेवढी उरली. उद्या येतो, असा निरोप मीच वर धाडला होता.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्या ओट्यावर चहा घेतला, त्या कारभाऱ्यांनी अडवलं.

"मास्तर, उन्हाचं कुठं चढताय? समदी वीटभट्टीवर गेली असत्याल."

"कुणी असलं तर?"

"तर लिवा आमच्यातच. सरकार काय त्वांडं बघाया येतंय व्हय!"

ओट्यावर हशा पिकला. मीही हसलो. त्या कुडाच्या घरांना दारं नव्हती, तरी मी ती सगळी कागदावर बंद दाखवली.

पुढे कागद तहसिलात गेल्यावर ओढ्याकाठी वाडीतली एक बाई भेटली. डोक्यावर लाकडाची मोळी.

"मास्तर, आला न्हाई? आमी भट्टीवर गेलोच न्हाई त्या दिशी. आंगणं सारवली. आमी कातकरी, ह्ये एकदा आमच्या तोंडानं सांगायचं हुतं. दर बारीला दुसरंच कोन सांगतंय."

"येतो," म्हणालो. गेलो नाही.

निवृत्तीनंतर भोरला राहायला आलो. ते सारवलेलं अंगण मात्र डोळे मिटले की दिसायचं. कधी कधी त्याच्या मधोमध मीच बसलेला असायचो. शेवटी यंदा एसटीनं गेलो, काठी टेकत चढलो. खाली राब जळत होते. धुरात पळस फुललेला.

ओढ्याकाठी भेटलेली ती बाई अंगणात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन? मास्तर? आवाजावरून वळाकलं. लई उशीर केला. आला व्हय मोजाया?"

मी काही बोलायच्या आत तिनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. सासरा, नवरा, भट्टीवर गेलेला लेक. जिवंत आणि मेलेले एकाच ओळीत, संथपणे. प्रत्येक नावापाशी थांबायची.

"कातकरी. लिवलं?"

"लिहिलं," मी म्हणायचो. हात रिकामे होते.

संपल्यावर तिनं तांब्याभर पाणी दिलं. "आता बरं झालं," म्हणाली.

माफी मागायला म्हणून मी चढलो होतो. पाणी प्यालो, आणि ती माफी तशीच घेऊन खाली उतरलो.